खलिता आणि जासूद

घराची मालकी सातबाऱ्याच्या उताऱ्यावर किंवा सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या भागदाखल्यावर कितीही निर्विवादपणे नोंदलेली असली, तरी त्या घराच्या दुरुस्तीचा नारळ फुटला त्या क्षणापासून ती तहकूब होते, आणि शेवटचा मिस्त्री आपली थापी घमेल्यात टाकून जिना उतरेपर्यंत पुन्हा अंमलात येत नाही, ही गोष्ट ज्यांनी न्हाणीघराच्या फरशा एकदा तरी उपटून पाहिल्या आहेत त्यांना निराळी सांगावयास नको. मधल्या काळात घरावर हुकमत दोघांची चालते. एक मिस्त्री, जो घरात बसून फर्मावतो. आणि दुसरा दुकानदार, जो पेठेत बसून पुरवतो. या दोन सत्तांच्या दरम्यान कागद पोचवणारा जो एक मध्यमवयीन, किंचित घामेजलेला, हातात कापडी पिशवी धरलेला इसम सकाळी दहाच्या सुमारास पुण्याच्या बोहरी आळीत दृष्टीस पडतो, तो त्या घराचा मालक होय. पूर्वीच्या राजवटींत या कामावर जासूद नेमीत असत, आणि त्यांना निदान वेतन तरी मिळत असे.

रविवार पेठेतील बोहरी आळी ही अशा जासुदांची मुख्य वाट. दाऊदी बोहरा व्यापाऱ्यांनी येथे पिढ्यानपिढ्या लोखंडी आणि किरकोळ सामानाची दुकाने चालविली, आणि आज त्यांच्या शेजारी मारवाडी, गुजराती, मराठी अशी नाना प्रकारची मंडळी गल्ल्यावर बसत असली तरी आळीचे नाव तेच राहिले आहे. विजेच्या तारा आणि बटणे पाहिजे असल्यास बुधवार पेठेतील तपकीर गल्लीकडे वळावे, लाकूड पाहिजे असल्यास भवानी पेठेतील टिंबर मार्केट गाठावे; मुंबईकर जासुदांची हीच पायपीट नागदेवी स्ट्रीट आणि लोहार चाळ यांच्या दरम्यान घडते. बोहरी आळीतील दुकानाची भिंत मात्र अद्यापि कोणी पाहिलेली नाही. कुलपे, साखळ्या, दोरखंडांची वेटोळी, जाळीचे गठ्ठे, रंगाचे ब्रश आणि ॲल्युमिनियमच्या शिड्या यांचा एवढा दाट पडदा दर्शनी बाजूस टांगलेला असतो की त्यातून दुकानदाराचा चेहरा हुडकून काढणे हीच पहिली परीक्षा ठरते. आणि तो सापडला की आपल्याकडे न पाहताच तो हात पुढे करतो. आपल्या मुखड्याची त्याला गरज नसते, चिठ्ठीची असते.

मिस्त्रीचा हा खलिता कोऱ्या कागदावर कधीही लिहिला जात नाही. फरशीच्या पेटीचा फाटका पुठ्ठा, विजेच्या बिलाची मागची बाजू, लग्नपत्रिकेचे पाकीट यांपैकी जे पायाखाली सापडेल ते तो उचलतो, कानावरची चपटी पेन्सिल काढतो आणि मजकूर खोदतो. काहीच हाताशी नसेल तर नुकत्याच गिलावा केलेल्या भिंतीवर लिहितो, आणि मग ती भिंत मोबाइलच्या छायाचित्रात बसवून पेठेपर्यंत न्यावी लागते. मजकूर साधारणतः असा: ‘आरधा यल्बो 8, पाऊन टी 3, पाऊन आरधा रिडूसर 2, ब्रास यमटीए 4, टेपलान 5, सोलुशन ल. 1’, आणि याखाली एक ओळ, जी अक्षरांत आहे की पेन्सिलीला टोक काढताना उमटलेली आहे याचा निर्णय होत नाही. याच शहरात इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले आणि मोडी दफ्तरे लीलया वाचणारे विद्वान तेव्हापासून तेथे होऊन गेले. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखूनही असे म्हणणे भाग आहे की त्यांच्या कागदांना वर मायना आणि खाली मोर्तब सूद एवढे तरी ओळखीचे असे. मिस्त्रीच्या पत्राला दोन्ही नसते.

दुकानदार ती चिठ्ठी गल्ल्याच्या पलीकडून, उलटी, अर्ध्या दृष्टिक्षेपात वाचतो. एवढेच करून थांबत नाही, तिच्यातील चूकही काढतो.

“काका, चार एमटीए कशाला? मिक्सर एकच बसवताय ना?”

काकांना आपण काय बसवीत आहोत याची कल्पना नसते. काका ‘मिस्त्रींनी सांगितलंय’ असे म्हणतात, जे जासुदाच्या तोंडी शोभणारे एकमेव वाक्य आहे. तेव्हा दुकानदार गल्ल्यावरचा फोन उचलून परस्पर मिस्त्रीशी बोलणी सुरू करतो, आणि ज्या न्हाणीघरात आपण उर्वरित आयुष्य स्नान करावयाचे त्याचा नकाशा आपल्यासमक्ष, आपल्याविषयी तृतीयपुरुषी उल्लेख करीत, दोन मिनिटांत कायम होतो. “कुणाला पाठवलंय?” अशी पलीकडून विचारणा झाल्याचे अनुमान आपण या बाजूच्या उत्तरावरून करावयाचे असते. ते उत्तर असते: “साहेबच आलेत. हो हो, उभे आहेत.”

या व्यापारातील शब्दसंपत्ती भिडस्त गृहस्थाला आरंभी जड जाते. नळजोडणीच्या प्रत्येक तुकड्याला लिंगभेद आहे. आटे बाहेरच्या अंगाला असले की तो मेल, आतल्या अंगाला असले की फिमेल, आणि हा भेद भर दुकानात, शेजारी महिला महाविद्यालयातील निवृत्त प्राध्यापिका बादलीचा भाव करीत उभ्या असताना, ठणठणीत स्वरात जाहीर करावा लागतो. खालच्या आवाजात सांगितल्यास पोऱ्या वर माळ्यावरून ओरडून विचारतो. म्हणून अनुभवी लोक पहिल्यानेच मोठ्याने सांगतात.

खलित्यावाचून, केवळ स्वतःच्या अकलेवर भिस्त ठेवून, जो मनुष्य ‘एक नळ द्या’ एवढी माफक दरखास्त घेऊन या आळीत जातो त्याचे जाबजबाब ऐकण्यासारखे असतात. नळ भिंतीतला की बेसिनवरचा? भिंतीतला असेल तर लांब अंगाचा की आखूड? बादली खाली बसते की घंगाळ? नळी भिंतीच्या बाहेर किती आली आहे? फरशी लावून झाली की लावायची आहे? या प्रश्नांत निरर्थक असा एकही नसतो, आणि त्यांतील एकाचेही उत्तर आपल्यापाशी नसते, कारण ज्या नळाखाली आपण तीस वर्षे बादली भरली त्याच्याकडे आपण कधी पाहिलेलेच नसते. अखेरीस दुकानदार सर्व प्रकरणाचा निकाल लावणारा सवाल टाकतो: “मिस्त्री कोण आहे?” नाव सांगताच तो मागे न वळता, डाव्या हाताने, नेमका नळ काढून समोर ठेवतो. आपले घर त्याने पाहिलेले नाही. परंतु आपला मिस्त्री भिंतीत नळी किती खोल गाडतो हे तो जाणून असतो.

मोजमापाचे प्रकरण याहून गहन आहे. हिंदुस्थान सरकारने 1956 साली वजनमापांचा कायदा करून मेट्रिक पद्धती स्वीकारली, 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, शेर आणि मण काळाच्या उदरात गडप झाले. परंतु या सुधारणेची वार्ता बोहरी आळीत पूर्णपणे न पोचता तुकड्यातुकड्यांनी पोचली असावी. प्लायवूडचा तक्ता लांबीरुंदीला 8 बाय 4 फूट असतो, त्याची जाडी 19 मिलिमीटर असते, आणि दर चौरस फुटाचा. ज्या खिळ्याने तो ठोकायचा तो दीड इंची, पण मिळायचा किलोवर. तार जाडीला चौरस मिलिमीटरमध्ये, लांबीला 90 मीटरच्या गुंडाळीत, आणि वयस्कर वायरमनच्या तोंडी अजून ‘तीन-वीस’ आणि ‘सात-वीस’. सिमेंट 50 किलोच्या गोणीत आणि वाळू ब्रासमध्ये, म्हणजे 100 घनफुटांच्या ढिगात. सुतार या सर्वांच्या वर बसून इंचाचे आठ सूत करतो आणि ‘दोन सूत कमी ठेवा’ असे सांगून निघून जातो. एकाच खोलीच्या दुरुस्तीत इंग्रज, फ्रेंच आणि पेशवाई अशा तीन अमदानी सुखाने नांदतात.

त्यातही इंच म्हणजे इंच असता तरी निभावले असते. ज्याला सर्व जग अर्धा इंची पाइप म्हणते तो लोखंडी पाइप घरी आणून पट्टीने मोजून पाहावा. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, पाइपाचा बाहेरचा व्यास निघतो 21.3 मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहूनही अधिक, आणि आतली पोकळीही अर्ध्या इंचाहून मोठीच. अर्धा इंच त्या पाइपात कोठेच सापडत नाही. क्रमांकांची नीती आणखी निराळी. स्क्रूचा क्रमांक चढत गेला की स्क्रू जाड होतो, तारेचा गेज चढत गेला की तार बारीक होते, आणि पॉलिशपेपरचा क्रमांक चढत गेला की त्याचा खरखरीतपणा उतरतो. ही विद्या कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. दुकानातल्या सतरा वर्षांच्या पोऱ्याला ती मुखोद्गत असते, आणि गणितातील द्विपदवीधराला तो ज्या करुणार्द्र नजरेने न्याहाळतो ती पाहण्यासाठी तरी एकदा तेथे जावे.

यावर उपाय म्हणून अलीकडे शहराबाहेरच्या हमरस्त्यांवर काचेची, वातानुकूलित, ढकलगाड्यांनी सज्ज अशी विस्तीर्ण दालने निघाली आहेत. तेथे कोणी जाबजबाब घेत नाही. पाच स्क्रू पाहिजे असल्यास पन्नासांचे सीलबंद पाकीट घ्यावे लागते, आणि त्यातल्या स्क्रूला कोणती रावलप्लग लागेल असे विचारल्यास गणवेशातील तरुण अत्यंत अदबीने पाकिटावरचा मजकूर आपणांस मोठ्याने वाचून दाखवतो. तो मजकूर आपण आधीच वाचलेला असतो. संगीत मात्र मंजुळ लावतात.

आमच्या इमारतीइतकाच वयस्क असा एक पितळी नळ आमच्याकडे आहे. त्याचा स्पिंडल झिजला, तेव्हा ‘हे मॉडेल आता बंद झालं, सगळंच बदला’ असा फैसला मिस्त्रीने दिला. मी तो झिजलेला तुकडा खिशात टाकून आळीतल्या एका अरुंद दुकानात गेलो, जेथे पाठीमागच्या बाजूस एक सोनेरी किनारीची पांढरी टोपी घातलेले वृद्ध गृहस्थ, ज्यांना सर्व गिऱ्हाइके चाचा म्हणतात, बहुतेक वेळ डोळे मिटून बसलेले असतात. त्यांनी तुकडा तळहातावर घेतला, अंगठ्याने त्यावरचा हिरवट थर घासला, अंगठ्याचे नख आट्यांवरून एकदा खाली आणि एकदा वर फिरवले आणि पोऱ्याला केवळ ‘बिस्किटवाला’ एवढाच शब्द सांगितला. माळ्यावरून एक गंजलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. वर्तमानपत्र पसरून तो त्यावर उपडा केला गेला. कोणकोणत्या काळातले, कोणकोणत्या बंद पडलेल्या कारखान्यांचे शेकडो पितळी अवयव त्यातून बाहेर पडले, आणि चाचांनी त्यांत बोट घालून, निवडल्यासारखे न दाखवता, एक उचलला. तो बसला. किंमत ऐकून मला संशय आला.

“एवढीच?”

“माल जुना आहे ना,” चाचा म्हणाले, “भाव पण जुनाच.”

घरी तो बसवताना मिस्त्रीच्या मुद्रेवर जे भाव उमटले ते नवीन होते.

फरशीच्या बाबतीत आम्ही महाराष्ट्रीय जन किती परावलंबी आहोत हे मला दगडाच्या वखारीत प्रथम उमगले. सह्याद्रीचा काळा पाषाण वाड्यांच्या जोत्यांना आणि किल्ल्यांच्या तटांना उत्कृष्ट. परंतु तो पडला ज्वालामुखीच्या रसाचा, त्याचे सपाट पापुद्रे निघत नाहीत, आणि फरशीला तर पापुद्रेच लागतात. ते निघतात थरांच्या चुनखडकातून. परिणामी मोरीत कर्नाटकातले शहाबाद, ओट्याखाली आंध्रातला कडप्पा, जिन्यावर राजस्थानातला कोटा आणि भिंतींवर गुजरातेतली मोरबी असा सर्व संसार मांडून बसलेले आमचे एक स्नेही त्याच शहाबादी फरशीवर उभे राहून बेळगावच्या प्रश्नावर तावातावाने बोलतात. वखारवाले शेठ कच्छकडचे. ते सर्व प्रांतांविषयी समभाव राखतात आणि फक्त एवढेच बजावतात की पेट्यांवरचा शेड नंबर एकच पाहून घ्या, आणि कापाकापीसाठी दहा टक्के माल जास्त न्या, कारण कमी पडलेली एक पेटी महिन्याने आणायला याल तेव्हा त्याच नावाची, त्याच कारखान्याची फरशी वेगळ्या रंगाची निघेल. उरलेल्या न फोडलेल्या पेट्या परत घेण्याचे ते तोंडी वचन देतात, आणि माझा अनुभव असा की ते पाळतात. लेखी वचन देणाऱ्यांविषयी माझा अनुभव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

रंगाच्या दुकानी मात्र जासुदाचा अधिकार संपुष्टात येतो, कारण तेथे सौभाग्यवती जातीने हजर असतात. रंगपट्टीच्या पुस्तकातील नुसत्या पांढऱ्याचेच पोटभेद इतके आणि त्यांची नावे इतकी काव्यमय असतात की नवशिक्या मनुष्याने हस्तिदंत, मोगरा आणि दूधसाय यांतील फरक शोधू पाहिल्यास त्याला लवकरच चष्म्याचा नंबर तपासून घ्यावासा वाटू लागतो. “ताई, ट्यूबलाइटखाली बघू नका,” असे म्हणून दुकानदार स्वतः उठला, पुस्तक घेऊन भर रस्त्यात उन्हात उभा राहिला, आणि सौभाग्यवतींनी मागून जाऊन, पाठीमागे एक टेम्पो हॉर्न वाजवीत खोळंबला असताना, बैठकीच्या खोलीचा रंग शांतपणे निश्चित केला. टेम्पोवाल्यानेही मान बाहेर काढून पाहिले आणि त्याच्या डावीकडचा बरा असे मत दिले. त्या मताचा पुढे विचार झाला.

त्या रंगाच्या डब्याच्या आत टोकन असते. ते रंगाऱ्याचे. डब्याचे पैसे आपण द्यायचे, डबा आपण उचलून आणायचा, आणि त्यातील बक्षिसाची मालकी झाकण उघडणाऱ्याकडे जावयाची, हा या व्यवसायाचा प्रस्थापित शिरस्ता असून, त्यामुळेच रंगारी इतर सर्व कामे उद्यावर टाकीत असला तरी झाकण मात्र स्वतः आणि तत्काळ उघडतो. सुताराच्या दस्तुरीचे तसेच. जुन्या दफ्तरांत जी दस्तुरी म्हणून बिनबोभाट जमाखर्ची पडत असे तिला आता टक्के म्हणतात, एवढाच बदल. मला तिच्याविषयी आकस नाही. माझ्या दिवाणखान्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्या दोन सत्तांमध्ये सलोखा नांदावा, आणि त्याचा खर्च प्रजेकडून वसूल व्हावा, ही राज्यकारभाराची सर्वमान्य रीत आहे. आक्षेप असलाच तर एवढाच की सुतार ‘हाच प्लाय घ्या, दुसरा फुगतो’ असे सांगतो तेव्हा त्याच्या आवाजात जी कळकळ असते ती टक्क्यांच्या प्रमाणात कमीजास्त होते. त्यावर उतारा म्हणजे तक्त्यावरचा मानक शिक्का आपण स्वतः पाहावा: 303 हा क्रमांक साध्या वापराचा, 710 हा पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्रतीचा. तो पाहताना आपण दिसलो की दुकानदार आणि सुतार एकमेकांकडे पाहतात, आणि मग चहा मागवतात.

हमालीबद्दल थोडक्यात. माल कितीही असो, पहिला प्रश्न ‘लिफ्ट आहे का’ हा असतो, आणि ‘आहे’ या उत्तराने भाव उतरत नाही, कारण लगेच दुसरा प्रश्न येतो: ‘सामानाला लावू देतात का?’

काम उरकत आल्याच्या सुमारास मिस्त्रीने नेहमीप्रमाणे पुठ्ठ्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि मी तो नेहमीप्रमाणे न वाचता आळीत नेऊन दिला. दुकानदाराने तो एकवार पाहिला, उलटून पाहिला, आणि पुन्हा सुलटा केला.

“काका, ही चिठ्ठी तुमची नाही.”

“मिस्त्रींनीच दिलीय, शेठ.”

“दिली असेल. बॉलकॉक लिहिलाय, दीड इंची गेटवाल्व लिहिलाय. तुमच्याकडं स्वतंत्र टाकी कुठं आहे? ही नारायण पेठेतल्या काकूंची. त्यांचं पण काम यानंच घेतलंय.”

असे म्हणत असतानाच त्याने बॉलकॉक काढला, वाल्व काढला, टेपची चार वेटोळी मोजली, सगळे वर्तमानपत्रात बांधून माझ्या पिशवीत घातले आणि वहीत काहीतरी लिहिले.

“तुमच्या वाटेवरच आहे. जाताना देऊन टाका. पैशाचं त्यांच्या खात्यावर मांडलंय.”

मी पिशवी उचलली आणि टांगलेल्या शिड्यांखालून वाकून बाहेर पडू लागलो, तेव्हा त्याने मागून हाक मारली.

“आणि काका, तुमची चिठ्ठी काकूंकडं गेली असणार. ती घेऊन परत या.”